मणक्यातील नसांवरचा दाब आणि शस्त्रक्रिया : सुरतच्या कामगारवस्तीच्या संदर्भात

सुरत शहरातील उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी भाषिक कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमागावर बारा तास उभे राहणे, कापडाचे गठ्ठे पाठीवर वाहणे, हिऱ्याच्या घंटीवर वाकून बसणे ही येथील कामे कंबरेची परीक्षा पाहणारी आहेत. कंबरदुखी येथे घरोघरी आहे; परंतु ‘मणक्याचे ऑपरेशन’ म्हटले की माणूस लुळा पडतो ही समजूतही तितकीच घट्ट आहे. प्रस्तुत लेखात ही शस्त्रक्रिया नेमके काय करते व काय करू शकत नाही, याचा विचार केला आहे.

मणक्यांच्या मागील बाजूस हाडांनी वेढलेला एक पोकळ मार्ग असतो. त्यातून मेंदूपासून आलेला मज्जारज्जू खाली उतरतो. हा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली असतो तो केवळ सुट्या नसांचा जुडगा. गादी सरकण्याचे बहुसंख्य प्रकार कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी किंवा त्याखाली होतात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागी मज्जारज्जू नसतोच. नसेला इजा, आवरण फाटणे, जंतुसंसर्ग हे धोके आहेत, ते नाकारता येत नाहीत. परंतु लुळेपणाची सर्वसाधारण भीती वस्तुस्थितीला धरून नाही.

तरुण कामगारात बहुधा गादी सरकून नस दाबली जाते व कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत उतरते. पन्नाशी-साठीनंतर हाड व अस्थिबंध जाड होऊन मार्गच अरुंद होतो. असा रुग्ण थोडे चालला की पाय जड होतात, वाकून बसला की बरे वाटते. गंमत अशी की तोच माणूस सायकल मात्र मजेत चालवतो, कारण पुढे वाकल्याने मार्ग थोडा मोकळा होतो. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग हेही दाबाचे कारण असते. त्यात मुख्य उपचार औषधांचाच, शस्त्रक्रिया काही रुग्णांनाच लागते.

१९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी सरकलेली गादी आणि पायातील कळ यांचा संबंध मांडला. आज सूक्ष्मदर्शकाखाली लहान छेदातून गादीचा तेवढाच भाग काढला जातो. मार्ग अरुंद असल्यास मागील हाडाची कमान व जाड अस्थिबंध कापून जागा केली जाते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शस्त्रक्रियेने आराम पडतो तो मुख्यतः पायातील कळेला. केवळ कंबर दुखते म्हणून ती करणे बहुधा निराशाच पदरी टाकते. गादी सरकलेल्यांपैकी बऱ्याच जणांची कळ सहा ते बारा आठवड्यांत औषधे व व्यायामाने ओसरते. तसेच स्क्रू बसवून मणके जोडण्याचा आग्रह झाल्यास कारण अवश्य विचारावे. मार्ग अरुंद झालेल्या २४७ रुग्णांवरील स्वीडनच्या २०१६ सालच्या अभ्यासात जोडणीने अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. मणका अस्थिर असेल तर गोष्ट वेगळी.

थांबणे मात्र एका प्रसंगी घातक ठरते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, दोन्ही पायांतील बळ जाणे ही लक्षणे दिसली तर संपूर्ण जुडगाच दाबला गेल्याची शक्यता असते. येथे हिशेब दिवसांचा नसून तासांचा आहे. बुडणारी पाळी, कापली जाणारी मजुरी आणि गल्लीतला चोळणारा वैद्य यांत दोन दिवस गेले तर लघवीवरील ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा वेळी मालिश मुळीच करू नये. मजुरा गेटचे नवीन सिव्हिल किंवा महापालिकेचे स्मीमेर, जे जवळ असेल तेथील आकस्मिक विभाग त्याच रात्री गाठावा आणि लघवीची तक्रार संकोच न करता प्रथम सांगावी. स्त्रिया ती हमखास लपवतात.

शस्त्रक्रियेनंतर कळ लवकर थांबते, बधिरपणा व अशक्तपणा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो, क्वचित राहतोही. बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवसापर्यंत चालू लागतात. बसून करावयाचे हलके काम काही आठवड्यांत जमते; गठ्ठे उचलण्यासाठी दीड ते तीन महिने लागतात, आणि रोजंदारीच्या घरात या महिन्यांची तजवीज ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वीच करावी लागते.