आरपार दिसणारा डाग

फुप्फुसाच्या सीटी स्कॅनवर कधी कधी एक फिकट डाग दिसतो, दुधी काचेचा तुकडा ठेवल्यासारखा. त्याच्या आडून जाणारी रक्तवाहिनी झाकली जात नाही, स्पष्ट दिसत राहते. रेडिओलॉजिस्ट याला ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात. साध्या संसर्गानेही असा डाग पडतो, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. तरीही तो गेला नाही, तर कर्करोगाची शंका येते.

पण कर्करोग, आणि आरपार दिसणारा?

सीटी स्कॅन मोजतो ती घनता. त्याच्या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००. कर्करोगाच्या अशा गाठीतल्या पेशी सुरुवातीला वायुकोशांच्या भिंतींवर नुसत्या पसरत जातात. भिंती मोडत नाहीत, पोकळीही भरत नाहीत. गाठीत हवा खेळती राहते, म्हणून डाग फिका. पुढे पेशी भिंत फोडून आत घुसल्या की कोश चेपतात, तंतू माजतात, हवा जाते. तेवढा भाग घट्ट होऊन पांढराशुभ्र दिसतो.

१९९५ मध्ये जपानच्या मासायुकी नोगुची यांनी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या २३६ गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. ज्यांच्या गाठीतल्या पेशी फक्त भिंतींवर पसरल्या होत्या, ते सगळे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी जिवंत होते. सगळे! आता कर्करोगाचा टप्पा ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीपासून काही फिक्या, काही घट्ट अशा मिश्र गाठीचा आकार ठरवताना फक्त घट्ट भाग मोजतात. दिसायला मोठी असलेली फिकी गाठ लहानशा घट्ट गाठीपेक्षा सौम्य असू शकते.

जपानी शल्यविशारदांनी मग विचारलं, फुप्फुसाचा अख्खा खंड काढायलाच हवा का? घट्ट भाग पाव हिश्श्यापेक्षा जास्त नसलेल्या छोट्या गाठींत थोडाच तुकडा काढला, तरी पाच वर्षांत रोग जवळपास कुणातच उलटला नाही. घट्ट भाग निम्म्याहून जास्त असलेल्या ११०६ रुग्णांचा निकाल २०२२ मध्ये आला, तो मला सर्वांत चक्रावणारा वाटतो. खंडाचा फक्त एक भाग काढलेल्यांत रोग त्याच जागी परतण्याचं प्रमाण अख्खा खंड काढलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं, १०.५ विरुद्ध ५.४ टक्के. तरी पाच वर्षांनी हयात असलेले त्यांच्यातच अधिक, ९४.३ विरुद्ध ९१.१ टक्के. अख्खा खंड गमावलेल्यांत इतर आजारांनी आणि दुसऱ्या कर्करोगांनी झालेले मृत्यू जास्त होते.