चेक येतो तो मुद्दलातून

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 ने जमिनीखालच्या खनिजांवरचा हक्क सरकारकडे ठेवला आहे. आपल्याकडचे मोठे तेल 1974 मध्ये बॉम्बे हायला सापडले तेही समुद्रात, सरकारी कंपनीला. त्यामुळे पणजोबांनी घेतलेल्या माळरानाखाली तेल निघाले आणि आज पतवंडे त्यावर जगत आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाला सिनेमातली वाटणे साहजिक आहे. पश्चिम टेक्सासमध्ये, मिडलंड आणि ओडेसाच्या आसपास, तो रोजचा धंदा आहे. तिथे जमिनीच्या वरच्या थराची मालकी एकाची आणि पोटातल्या तेल-वायूची दुसऱ्याची असू शकते. रान विकून टाकले, गुरे गेली, घर पाडले, तरी खालचे खनिज कुटुंबाच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या राहते. अशा कुटुंबांच्या छोट्या कंपन्या, भागीदाऱ्या आणि ट्रस्ट असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचे काम म्हणजे दर महिन्याचा चेक बँकेत भरणे एवढेच दिसते. त्या चेकला उत्पन्न समजणे ही या धंद्यातली मूळ चूक आहे. तो चेक म्हणजे मुद्दलाचा विकलेला तुकडा असतो. आणि तुकडा विकल्यावर त्याच्या जागी दुसरे काही उभे करण्याचे काम जे कुटुंब करते, तेवढेच कुटुंब खऱ्या अर्थाने तेलाचा धंदा करते.

आधी पैसा येतो कसा ते पाहू. खनिजाचा मालक स्वतः विहीर खोदत नाही. तो तेलकंपनीशी लीज करतो. सही करताना एकरामागे एकरकमी बोनस मिळतो, कंपनीला खोदायला साधारण तीन वर्षांची मुदत मिळते, आणि तेल निघाले तर मालकाला रॉयल्टी मिळते. ही रॉयल्टी पूर्वी एक अष्टमांश असे, आता याच भागातल्या पर्मियन खोऱ्यात चांगल्या जागी एक चतुर्थांशापर्यंत जाते. खोदाईच्या खर्चातला छदामही मालकाच्या माथी येत नाही. काही कुटुंबे मात्र रॉयल्टीवर न थांबता विहिरीतच भागीदार होतात. त्याला वर्किंग इंटरेस्ट म्हणतात. तिथे खोदण्यापूर्वी ऑपरेटर कंपनी खर्चाचा अंदाज पाठवते, साधारणपणे तीस दिवसांत हो-नाही कळवायचे असते. हो म्हटले तर आपल्या वाट्याचा खर्च द्यायचा. नाही म्हटले तर करारानुसार बाकीचे भागीदार आपला खर्च बऱ्याचदा कित्येक पटींनी वसूल करेपर्यंत आपल्याला काही मिळत नाही. विहीर आटली की ती सिमेंट भरून बंद करण्याचा खर्चही याच भागीदारांचा. दोन्ही प्रकारांत जोखीम वेगळी, पण जमिनीखालचे तेल एकदाच निघते ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

या धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद डिव्हिजन ऑर्डर. त्यावर मालकाचा वाटा दशांश चिन्हानंतर आठ आकड्यांपर्यंत लिहिलेला असतो. समजा, दोन मैल लांब आडवी विहीर 1280 एकरांच्या युनिटमध्ये आहे, त्यात कुटुंबाचे 40 एकर खनिज आहे आणि रॉयल्टी पाव हिस्सा आहे. मग 40 भागिले 1280, गुणिले पाव, म्हणजे 0.0078125. महिन्याला 20,000 बॅरल तेल निघाले आणि भाव 70 डॉलर मिळाला, तर एकूण विक्री 14 लाख डॉलर; कुटुंबाचा वाटा 10,937 डॉलर 50 सेंट. त्यातून टेक्सासचा तेलावरचा 4.6 टक्के उत्पादनकर कापून चेक येतो, सोबत पावती. या पावतीवर विहिरीचे नाव, उत्पादनाचा महिना, बॅरल, भाव, कपाती आणि शेवटी तो दशांश, सगळे ओळीने छापलेले असते. वायूच्या ओळी जास्त बारकाईने वाचाव्या लागतात. तिथे कर 7.5 टक्के आहे, शिवाय वायू गोळा करण्याचा, दाबण्याचा, शुद्ध करण्याचा खर्च कापायचा की नाही हे लीजमधल्या एकदोन शब्दांवर ठरते. 2024 मध्ये पश्चिम टेक्सासच्या वाहा केंद्रावर वायूचा भाव कित्येक दिवस शून्याच्या खाली होता. वायू वाहून नेणाऱ्या पाइपलाइनची क्षमता अपुरी, वायू मात्र तेलाबरोबर आपोआप वर येत राहिलेला. अशा महिन्याच्या पावतीत वायूच्या ओळीपुढे वजाबाकीचे चिन्ह दिसले तर ती छपाईची चूक समजू नये.

आता तीच विहीर पुढच्या वर्षी पाहावी. शेलमधली आडवी विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून बरीच खाली येते. वरच्या उदाहरणात 20,000 चे 8,000 बॅरल झाले, तर भाव तोच राहूनही कुटुंबाचा वाटा 4,375 डॉलर. आणखी दोन वर्षांनी 3,000 बॅरल, म्हणजे 1,640 डॉलर. पुढे ही घसरण मंदावते आणि बारीक धार कित्येक वर्षे चालते. पण पहिल्या चेकवर ज्यांनी घराचे हप्ते बसवले, त्यांना चौथ्या वर्षी काय होते ते सांगायला नको. वडिलोपार्जित रान गुंठागुंठा विकून घरखर्च भागवणाऱ्याला गाव नावे ठेवते, कारण रान कमी होताना सगळ्यांना दिसते. इथे कमी होणारी गोष्ट दोन मैल खोल आहे, म्हणून कुणी नावे ठेवत नाही, एवढाच फरक. अमेरिकेच्या करकायद्याला मात्र हे कमी होणे दिसले. 1926 पासून तेलउत्पन्नातला काही भाग झीज म्हणून करमुक्त आहे, तेव्हा 27.5 टक्के, आज लहान उत्पादकांना आणि रॉयल्टीधारकांना 15 टक्के. बड्या तेलकंपन्यांची ही सवलत 1975 मध्ये गेली. सवलतीमागे राजकारण भरपूर आहे, आणि ती गरजेपेक्षा उदार आहे असेही मला वाटते. पण तिच्या मुळाशी असलेली कबुली महत्त्वाची: या उत्पन्नातला एक भाग उत्पन्न नाहीच.

याहून स्वच्छ पुरावा टेक्सास विद्यापीठाच्या कायम निधीत आहे. राज्याने 1876 च्या घटनेत विद्यापीठाला पश्चिमेकडची ओसाड जमीन दिली. 28 मे 1923 ला तिथे सांता रिटा क्रमांक 1 ही विहीर लागली. (सांता रिटा ही अशक्य कामांची संत, विहिरीला नाव ठेवणाऱ्यांना आपल्या शक्यतांची चांगली कल्पना असावी.) रॉयल्टीचे पैसे येऊ लागल्यावर प्रश्न उभा राहिला: हे वर्षाचे उत्पन्न म्हणून खर्चायचे, की निधीच्या मुद्दलात टाकायचे? 1926 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मुद्दल ठरवले. तेल निघणे म्हणजे जमिनीचाच भाग विकला जाणे. तेव्हापासून तिथली रॉयल्टी निधीत जाते, गुंतवली जाते, आणि खर्चाला वाटप होते ते त्या गुंतवणुकीतून. शंभर वर्षांनी तो निधी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शैक्षणिक निधींपैकी आहे. त्याच खोऱ्यात, त्याच काळात तेल लागलेल्या किती घराण्यांकडे आज काय उरले आहे, याचा हिशोब मात्र कुठेच एकत्र मांडलेला नाही.

यावर कायद्याचा जाणकार हरकत घेईल. जुन्या इंग्रजी न्यायातून आलेला नियम असा की ट्रस्ट सुरू होण्यापूर्वीच खाण उघडली असेल, तर हयातभर उपभोगाचा हक्क असलेल्या व्यक्तीला तिचे सगळे उत्पन्न खर्चता येते. म्हणजे कायद्यानेच रॉयल्टीला उत्पन्न मानले आहे. खरे आहे. पण तो नियम विधवेला किंवा हयात वारसाला उपाशी न ठेवण्यासाठी होता. मालमत्ता टिकवण्यासाठी नव्हे. आणि कायदा तिथेच थांबलेला नाही. ट्रस्टच्या हिशोबासाठी राज्यांपुढे ठेवलेल्या 1962 च्या आदर्श कायद्यात रॉयल्टीचा 27.5 टक्के भाग मुद्दलात टाकायला सांगितले होते. 1997 च्या नव्या मसुद्यात तो आकडा थेट 90 टक्के झाला. प्रत्येक राज्याने तो तसाच घेतला असे नाही. तरी साडेसत्तावीसवरून नव्वदवर जाणे ही साधी दुरुस्ती म्हणता येणार नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. अमेरिकेचे तेलउत्पादन 1970 मध्ये दिवसाला सुमारे 96 लाख बॅरलवर पोहोचून उतरत गेले, 2008 मध्ये सुमारे 50 लाखांवर आले, आणि 2023 मध्ये 1 कोटी 29 लाखांच्या आसपास गेले. संपले म्हणून लोकांनी हात झटकलेले पर्मियन खोरे आता एकटे दिवसाला 60 लाखांहून अधिक देते. ज्यांनी 1990 च्या दशकात खनिज फुकापासरी विकले ते हळहळले. ज्यांनी कंटाळून का होईना ठेवले, ते श्रीमंत झाले. मग झिजते ते मुद्दल कसले? दगडाचा खालचा थर पुन्हा नवे तेल देतोच ना? देतो, आणि म्हणूनच खनिज सहसा विकू नये हे मला मान्य आहे. पण यातून खनिज धरून ठेवावे एवढेच सिद्ध होते. आलेला चेक खर्चून टाकावा हे सिद्ध होत नाही. आडव्या खोदाईचे तंत्र कुटुंबाच्या सोयीने आले नाही. मधली तीस-चाळीस वर्षे ज्या पिढीच्या वाट्याला आली, तिला ते तेल काहीच उपयोगाचे नव्हते.

मुद्दल दुसरीकडे वळवणे म्हणजे काय, आणि काय नव्हे, हे हंट कुटुंबात दिसते. एच. एल. हंट यांनी 1930 मध्ये पूर्व टेक्सासच्या अफाट क्षेत्रातला मोठा वाटा ते क्षेत्र शोधणाऱ्या डॅड जॉइनरकडून मिळवला. त्यांच्या मुलांपैकी नेल्सन बंकर यांचा लिबियातला वाटा 1973 मध्ये तिथल्या सरकारने ताब्यात घेतला. जमिनीखालचे तेल कायमचे आपले नसते हे त्यांना बहुतेकांपेक्षा आधी कळले होते, आणि महागाईत डॉलर कुजतो हेही. म्हणून त्यांनी व त्यांच्या भावाने चांदी घेतली. निदान बरोबर, औषध मात्र एकच आणि तेही उधारीवर. मार्च 1980 मध्ये चांदी कोसळली, बँकांकडून सुमारे 1.1 अब्ज डॉलरचे कर्ज उभे करताना कुटुंबाच्या प्लॅसिड ऑइलची मालमत्ता तारण गेली, 1986 मध्ये तेलाचा भाव दहा डॉलरच्या घरात आल्यावर प्लॅसिडने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि 1988 मध्ये दोघा भावांनीही. हे सट्ट्याचे पाप, तेलाचा काय दोष, असे म्हणता येईल. पण सट्टा तारणावर उभा होता आणि तारण विहिरींचे होते. ज्या भावाला घसरण होती, त्याच भावावर कर्ज फेडायचे होते. सावत्र भाऊ रे हंट यांनी हंट ऑइलमधून येमेनमध्ये 1984 साली नवे तेल शोधले. मोठी जोखीम तीही होती. पण तिच्यात निघून गेलेल्या तेलाच्या जागी नवे तेल ठेवण्याचा प्रयत्न होता.

भाऊबंदकीचे काय, असे विचारले जाईल, आणि तो प्रश्न बाजूचा नाही. वरच्या 0.0078125 चे तीन भावंडांत वाटे केले की प्रत्येकी 0.00260417, प्रत्येकाला चार मुले झाली की 0.00065104. वारसनोंद कुठल्यातरी काउंटीच्या दप्तरात झाली नाही, तर ऑपरेटर पैसे रोखून ठेवतो आणि मालकीचा माग काढणाऱ्या लँडमनला जुनी मृत्युपत्रे चाळत बसावे लागते. वॅगनर घराण्याच्या पाच लाखांहून अधिक एकरांच्या रँचवर 1991 पासून वारसांचा खटला चालला आणि 2016 मध्ये सगळे विकावे लागले. म्हणून शहाणी कुटुंबे खनिज एका भागीदारीत ठेवतात, वारसांना खनिजाऐवजी भागीदारीतला हिस्सा देतात, आणि वाटप चेकच्या आकड्यावरून न ठरवता मुद्दलाच्या किमतीच्या ठरलेल्या टक्क्याने करतात. यात चांगल्या वर्षी तरुण वारस कुरकुरतात. कोरड्या वर्षी कुरकुर थांबते.

मग सगळेच एकदम विकून मोकळे का होऊ नये? ऑट्री स्टीफन्स यांनी 1979 मध्ये मिडलंडमध्ये सुरू केलेली एंडेव्हर ही खासगी कंपनी पंचेचाळीस वर्षे घरातच राहिली. फेब्रुवारी 2024 मध्ये तिचा डायमंडबॅक या तेलकंपनीशी सौदा जाहीर झाला, सुमारे 26 अब्ज डॉलरचा. पण त्यात रोख होते साधारण 8 अब्ज. बाकीचे मिळाले डायमंडबॅकच्या सुमारे 11 कोटी 70 लाख शेअर्सच्या रूपाने. म्हणजे संपत्तीचा मोठा भाग त्याच खोऱ्यातल्या, त्याच वेगाने घसरणाऱ्या विहिरींतच राहिला. फरक एवढाच की आता कुठली विहीर कधी खोदायची हे दुसरे ठरवतील, आणि नकोसे झाले तर शेअर बाजारात रोज भाव मिळेल.