सांडलेले रसायन आणि शिकलेला कामगार

विज्ञानाने मानवाला ज्या देणग्या दिल्या, त्यांत रसायनांचा वाटा फार मोठा आहे. पिण्याचे पाणी निर्जंतुक करणारा क्लोरीन, खताच्या व बर्फाच्या कारखान्यांत लागणारा अमोनिया, मोटारीच्या बॅटरीतील गंधकाम्ल, संत्र्याच्या बागेत आणि कपाशीवर फवारली जाणारी औषधे, हे सर्व आपले सेवकच होत. परंतु हे सेवक टाकीत, नळीत किंवा पिंपात बंदिस्त आहेत तोवरच आज्ञाधारक असतात. बंधन सुटले, की धनी कोण आणि शत्रू कोण हे त्यांना कळत नाही. अशा वेळी त्यांच्या समोर सर्वांत प्रथम उभा असतो तो कामगार. अग्निशामक दल, डॉक्टर, अधिकारी हे सारे मागाहून येतात. म्हणून त्या कामगाराला काय शिकविले आहे आणि कोणत्या भाषेत शिकविले आहे, या प्रश्नावर पुष्कळांचे प्राण अवलंबून असतात. त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या सौंसर तालुक्यात बोरगाव येथे औद्योगिक वसाहत आहे. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सौंसरवरून जातो, आणि पांढुर्णा तर नागपूर-बैतूल महामार्गावर वसले आहे. या रस्त्यांनी मालमोटारींची रीघ अहोरात्र चालू असते. आपल्या भागातून वाहणारी कन्हान नदी पुढे नागपूर जिल्ह्यात जाते आणि नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा काही भाग तिच्यातूनच उचलला जातो. येथे नाल्यात सांडलेले पिंप तेथल्या घागरीपर्यंत पोहोचू शकते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शिक्षणाच्या अभावी काय घडते, याचा सर्वांत दारुण दाखला आपल्याच राज्याच्या राजधानीत आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये एका कामगाराच्या अंगावर फॉस्जीन हे विषारी द्रव्य उडाले. घाबरून जाऊन त्याने तोंडावरील संरक्षक मुखवटा काढला आणि तो वायू श्वासात गेल्याने त्याचा अंत झाला. त्याच्याजवळ मुखवटा होता; परंतु भीतीच्या क्षणीही तो काढावयाचा नाही, ही सवय केवळ सरावाने अंगी बाणते.

पुढे तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, त्याच कारखान्यातील मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. आत उष्णता वाढली, दाब वाढला आणि सुमारे ४० टन विष झोपलेल्या शहरावर पसरले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्यापूर्वीच काही महिने बंद करण्यात आली होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीवाचून पडला होता. त्या विभागात एका पाळीला पूर्वी बारा चालक असत, त्यांची संख्या सहावर आली होती. कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या नीट वाचू शकणारे कामगार थोडेच होते. कारखान्याबाहेरच्या लोकांना तर कोणी काहीच सांगितले नव्हते. ओले फडके नाकातोंडावर धरा आणि वाऱ्याबरोबर धावू नका, एवढी साधी सूचनाही त्यांच्यापर्यंत कधी पोहोचली नव्हती. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि पाच लाखांहून अधिक लोकांना इजा झाली. त्या आवारात साठून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी पीथमपूरला नेण्यात आला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी!

या दुर्घटनेनंतर देशाला जाग आली. १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी असे ठरविले, की मोठा धोका असलेल्या कारखान्याने आपत्तीची योजना आधीच लिहून ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी तिची रंगीत तालीम घ्यावी. धोकादायक माल वाहून नेणाऱ्या चालकांसाठीही त्याच वर्षीच्या मोटार वाहन नियमांत तीन दिवसांचे शिक्षण सांगितले गेले.

आता हे शिक्षण असते तरी काय? त्याचा मोठा भाग गळती होऊच नये यासाठी असतो. कोणते रसायन कोणत्या रसायनाशेजारी ठेवू नये, पिंपाचे बूच आणि नळीचा जोड कसा तपासावा, टाकी काठोकाठ का भरू नये, टाकीभोवती बंधारा का बांधतात, हे धडे रोजचे आहेत. थेंबभर गळती दिसली तरी ती त्याच पाळीत कळवावी, हा त्यांतील सर्वांत मोलाचा धडा होय. मोठी आपत्ती पुष्कळदा अशा थेंबानेच आरंभ करते.

आणि एवढे करूनही रसायन सांडलेच तर? पहिला नियम ऐकून तुम्हांस नवल वाटेल. तो आहे मागे हटण्याचा! प्रथम भोंगा वाजवून इतरांना सावध करावे आणि वारा जिकडून येतो त्या बाजूस जावे. आपण वायूच्या झोतात सापडलो असू, तर वाऱ्याला आडवे होऊन त्यातून बाहेर पडावे. वाऱ्याची दिशा चटकन दिसावी म्हणून कारखान्यांत उंच खांबावर कापडी नळी लावलेली असते. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असल्यामुळे तो खड्ड्यात व तळघरात साचतो. म्हणून खाली न बसता उंच जागी जावे.

दुसरी पायरी ओळखण्याची. टँकरच्या पाटीवर चार आकडी क्रमांक असतो. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १८३० म्हणजे गंधकाम्ल. हे क्रमांक साऱ्या जगात एकच आहेत. ते दुरूनच वाचून कळविले, की मदतीला येणारे योग्य साधने घेऊन येतात. ओळख पटल्यावाचून पाणी ओतणे घातक ठरते. अमोनियाची वाफ पाण्याच्या फवाऱ्याने शोषली जाते हे खरे; परंतु गळणाऱ्या क्लोरीनच्या नळकांड्यावर पाणी मारले, तर धातू झिजून छिद्र अधिकच मोठे होते. तीव्र गंधकाम्लावर पाणी पडले, तर ते उसळून अंगावर येते.

तिसरी पायरी अडविण्याची. ज्याला शिकविले आहे आणि ज्याच्या अंगावर योग्य पोशाख, हातमोजे व मुखवटा आहे, त्यानेच व्हॉल्व्ह बंद करावा, वाळूचा बांध घालावा आणि सर्वांत आधी नाल्याचे तोंड बुजवावे. ज्याच्या अंगावर रसायन उडाले असेल, त्याचे भिजलेले कपडे उतरवून निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने अंग धुवावे. टाकीत बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला काढण्यासाठी साधनांवाचून उतरू नये. एकामागून एक उतरलेले मदतनीस असे किती ठिकाणी प्राणास मुकले आहेत! धैर्याला ज्ञानाची जोड नसेल, तर एका प्रेताची दोन होतात.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. आम्ही स्वतः घरी कोंकणी बोलतो, वर्गात मराठीतून शिकवितो आणि बाजारात हिंदीने व्यवहार करतो. परंतु ठेच लागली, की तोंडून निघतो तो शब्द घरचाच असतो. भयाच्या क्षणी माणूस मातृभाषेतच विचार करतो. आपल्या भागातील कामगार घरी मराठी बोलतो, मुकादमाशी हिंदी बोलतो आणि त्याच्या समोरच्या पिंपावरील अक्षरे इंग्रजी असतात. त्याला परकीय भाषेतील पुस्तिका देऊन सही घेतली, म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. ते त्याच्या बोलीत सांगितले पाहिजे, त्याच्याकडून करवून घेतले पाहिजे आणि पुन्हापुन्हा करवून घेतले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धोका दिसताच काम थांबविण्याचे धैर्य त्याला वाटले पाहिजे. त्यासाठी त्याला कोणी रागावता कामा नये.

शेतातील मजूरही या शिक्षणाचा हक्कदार आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल अत्यंत विषारी, पिवळा त्याहून कमी, मग निळा आणि शेवटी हिरवा, असा त्यांचा क्रम आहे. अक्षर न येणाऱ्यालाही तो समजतो. मात्र कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे. घरातही ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र केले, तर क्लोरीन वायू निघतो, हे आपल्या माताभगिनींना ठाऊक असावे.

विद्यार्थी मित्रहो, भोपाळच्या मृतांच्या स्मरणार्थ २ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी केवळ भाषणे ऐकून घरी जाऊ नका. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, काका किंवा दादा कारखान्यात, मालमोटारीवर वा बागेत काम करतात. त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या डब्यावरील चिन्हे वाचून दाखवा आणि त्यांचा अर्थ मराठीत समजावून सांगा. तुम्ही शाळेत शिकलेले एक अक्षर कदाचित त्यांचे प्राण वाचवील. विद्येचे याहून मोठे सार्थक ते कोणते?