टर्बोसाठी इंजिन निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडीला टर्बो लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो इंजिनाचा, आणि त्याचं उत्तर अनेकांनी मनात आधीच ठरवलेलं असतं. शर्यतीच्या ट्रॅकवर गाजलेलं एखादं नाव, हजार हॉर्सपॉवरचा एखादा व्हिडिओ, गॅरेजमध्ये ऐकलेला एखादा ठाम सल्ला. पण रोज रस्त्यावर चालणारी गाडी सिग्नलला उभी राहते, उन्हात तापते आणि पंपावर मिळेल ते पेट्रोल पिते. तिच्यासाठी इंजिन निवडताना हे गैरसमज महागात पडतात.

गैरसमज १ : सर्वांत दणकट इंजिन, तेच सर्वांत योग्य.

वस्तुस्थिती : १९९३ च्या टोयोटा सुप्रामुळे जगभर गाजलेलं २जेझेड-जीटीई खरोखर दणकट आहे. २९९७ सीसी, एका ओळीत सहा सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, क्रँकला सात मेन बेअरिंग. मात्र त्यातून हजार हॉर्सपॉवर काढतात तेव्हा पिस्टन, कनेक्टिंग रॉड, टर्बो, इंजेक्टर असं बरंच काही बदललेलं असतं. शिवाय एवढ्या ताकदीला लागणारा मोठा टर्बो फिरवायला एक्झॉस्टचा जोरही मोठा लागतो, म्हणून तो उशिरा जागा होतो. शहरात इंजिन बहुतेक वेळ ४००० आरपीएमच्या खालीच चालतं. तिथे असा टर्बो नुसतं ओझं ठरतो.

आपल्या चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आठवा. इंजिन १.२ लिटरचं, ताकद १०५ पीएस. पण तिचा १७५ न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमलाच मिळायचा. म्हणून ती आकड्यापेक्षा जास्त चपळ वाटायची. रस्त्यावरच्या गाडीत कमाल हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्क कुठे सुरू होतो आणि कुठवर टिकतो, हे आधी पाहावं.

गैरसमज २ : अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक टर्बोला टिकत नाही.

वस्तुस्थिती : निसानचं एसआर२०डीईटी हे अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचंच इंजिन आणि ते मुळात टर्बोसह आलं. २०१९ मध्ये मर्सिडीज-एएमजीने एम१३९ आणलं : दोन लिटर, चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक आणि ४२१ पीएस. धातूइतकंच महत्त्व रचनेला आहे. सिलिंडरची वरची कड आणि ब्लॉकची बाहेरची भिंत यांच्यामध्ये पाण्यासाठी उघडी जागा असेल, तर ते ‘ओपन डेक’. जास्त बूस्टखाली, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाखाली, अशा सिलिंडरची वरची कड हलू शकते आणि हेड गॅस्केट जातं. ही जागा बहुतांशी भरलेली असेल, तर ते ‘क्लोज्ड डेक’. एम१३९ तसं आहे. बिडाचा ब्लॉक दाब चांगला सोसतो, पण त्याचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि वळणावर ते जाणवतं.

गैरसमज ३ : कोणत्याही इंजिनाला टर्बो जोडला की झालं.

वस्तुस्थिती : २जेझेडचीच दोन भावंडं पाहा. बिनटर्बोच्या २जेझेड-जीईचं कॉम्प्रेशन १०:१, तर टर्बोच्या जीटीईचं ८.५:१. कंपनीने हा फरक विचार करून ठेवला. टर्बो हवा दाबून इंजिनात पाठवतो आणि हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा १ बार बूस्टने दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२५ अंशांवर जाते. ही गरम हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली गेली की पेट्रोल अवेळी पेट घेतं आणि इंजिन ठोके देतं. त्या ठोक्यांनी पिस्टन फुटतात. म्हणून इंटरकूलर, पुरेसं इंधन आणि नीट ट्यून केलेला ईसीयू (इंजिनाचा संगणक) या गोष्टी इंजिनाइतक्याच आवश्यक आहेत. बिनटर्बोच्या इंजिनाला बेताचा बूस्ट चालू शकतो; पण त्याला मर्यादा असते.

गैरसमज ४ : टर्बो म्हणजे कॉम्प्रेशन कमीच हवं.

वस्तुस्थिती : जुन्या टर्बो इंजिनांत ८.५:१ सर्रास असायचं. होंडा सिव्हिक टाइप आरच्या दोन लिटर टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन मात्र ९.८:१ आहे. तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ते बाष्प होताना आतली हवा थंड करतं आणि ठोके टळतात. कॉम्प्रेशन फार उतरवलं तर बूस्ट येईपर्यंत गाडी मरगळलेली राहते. किती कॉम्प्रेशन चालेल, हे पेट्रोलचा ऑक्टेन ठरवतो. भारतात १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० पासून मिळू लागलं, पण ते प्रत्येक पंपावर नसतं. रोज जे पेट्रोल भरणार, त्यावरच गाडी ट्यून करून घ्या.

गैरसमज ५ : इंजिन आणलं की मोठा खर्च संपला.

वस्तुस्थिती : ताकद वाढली की ताण पुढच्या कमकुवत भागावर जातो. क्लच घसरतो, गिअरबॉक्स तुटतो, रेडिएटर अपुरा पडतो, ब्रेक कमी पडतात. पोलो जीटीतला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आहे. इंजिनातून त्याहून जास्त काढलं, तर त्याची किंमत गिअरबॉक्स मोजतो. म्हणून गिअरबॉक्सची मर्यादा आधी, इंजिनाचं लक्ष्य नंतर.

गैरसमज ६ : गाडी माझी, इंजिन कोणतंही बसवीन.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. म्हणून पैसे मोजण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. परवानगी मिळणार नसेल, तर कंपनीतूनच टर्बोसह आलेली गाडी घेणं हा सरळ मार्ग आहे.

आणि जिथे इंजिन बदलणं कायद्यात बसतं, तिथेही नावावर भाळू नका. ती सुप्रा २००२ मध्ये बंद झाली. त्या काळातलं कोणतंही इंजिन आज वीस वर्षांहून जुनं असणार. विकत घेण्याआधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. सगळे आकडे जवळपास सारखे आले, तरच पुढचं बोला. नामांकित पण झिजलेल्या इंजिनापेक्षा साधं, निरोगी इंजिन टर्बोला कितीतरी चांगली साथ देतं.