व्यायामाची मात्रा, भाग ४ : रोजचे चालणे आणि दमछाक करणारे श्रम

व्यायाम किती जोराचा आहे, हे शरीर किती ऑक्सिजन वापरते यावरून मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर दर किलो वजनामागे दर मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलीटर ऑक्सिजन खर्च करते. या खर्चाला एक ‘मेट’ म्हणतात. बसण्याच्या तिप्पट ते सहापटीच्या आत खर्च होत असेल तर श्रम मध्यम, सहापट किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र. ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने चालणे चार मेटच्या थोडे वर जाते, ताशी आठ किलोमीटरने धावणे आठच्या वर आणि दोरीवरच्या उड्या अकरा-बाराच्या घरात. संथ सूर्यनमस्कार जेमतेम सव्वातीन मेट भरतात. तेच भराभर घातले की त्यांचा वर्ग बदलतो. त्यामुळे ‘सूर्यनमस्कार घालतो’ एवढ्यावरून कोणाच्या व्यायामाबद्दल काहीच सांगता येत नाही.

यंत्र नसले तरी अडत नाही. चालताना पूर्ण वाक्ये बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम श्रमाची खूण. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागले, तर श्रम तीव्र. डॉक्टर मंडळीही ही कसोटी वापरतात, आणि मनगटावरच्या स्वस्त घड्याळापेक्षा ती बऱ्याचदा अधिक भरवशाची असते.

मेटचा तक्ता मात्र सरासरी माणसासाठी असतो. पालघर–मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून काळदुर्गाची चढण सुरू होते. सातपाटीच्या होडीवर जाळी ओढणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला ही चढण मध्यम श्रमाची वाटेल. वीस वर्षे टेबलाशी बसून काम केलेल्या पन्नाशीच्या माणसाला त्याच वाटेवर पहिल्या दहा मिनिटांत धाप लागेल. पायाखालची जमीनही हिशेब बदलते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये मोजले, तेव्हा कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कठीण जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागत असल्याचे आढळले. केळव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट पुळणीवरून चालणे हा मध्यम व्यायाम आहे. तोच माणूस त्याच वेगाने सुरूच्या झाडांजवळच्या कोरड्या वाळूत शिरला, तर त्याचा व्यायाम तीव्र होतो. गुडघे किंवा घोटे दुखणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ पाहून निघावे, ते यासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेली मात्रा अशी : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम, किंवा दोन्हींचे मिश्रण. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. (त्यांचा विचार पुढील भागात.) मध्यमच्या निम्मा वेळ तीव्रला का पुरतो, याचे गणित सोपे आहे. एक मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण एक किलोकॅलरी. साठ किलोचा माणूस चार मेटने अर्धा तास चालला तर १२० किलोकॅलरी खर्च होतात. आठ मेटने पंधरा मिनिटे धावला तरी १२०च. पण हे गणित फक्त ऊर्जेचे आहे. हृदय, रक्तातली साखर, सांधे आणि जिवाचा धोका यांचे हिशेब वेगवेगळे निघतात, आणि निवड करायची ती त्यांच्या आधारे.

मध्यम हालचालीचा पुरावा सर्वांत जुना आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर तो कमी जीवघेणा ठरत होता. वाहक काही व्यायामशाळेत जात नव्हते. नंतर त्याच गटाने गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारी कमरेला रुंद होत्या, म्हणजे दोन्ही गट मुळातच अगदी सारखे नव्हते. आपल्याच निष्कर्षावर अशी शंका घेणारे संशोधक कमी असतात. पुढच्या असंख्य अभ्यासांतून मूळ दिशा मात्र बरोबर ठरली.

मग आठवडाभर काही न करता शनिवार-रविवारी सगळी कसर भरून काढली तर? ६३,००० हून अधिक ब्रिटिश प्रौढांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अजिबात व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत नियमित व्यायाम करणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी होते, आठवड्यातून एक-दोनदाच करणाऱ्यांचे ३० टक्क्यांनी. सांगितलेल्या मात्रेपेक्षा कमी व्यायाम करणाऱ्यांचेही ३४ टक्क्यांनी कमी होते. या आकड्यांवरून एवढे नक्की दिसते की मोठा फरक ‘काहीच नाही’ आणि ‘थोडेसे’ यांच्यात आहे. भारतात नेमका हाच पहिला टप्पा अडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रासह चार भाग होते. त्यातले ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात मोडले. तो अहवाल २०१४ चा.

रविवारचा व्यायाम फायद्याचा असला, तरी त्याचा धोका वेगळा मोजावा लागतो. व्यायाम दीर्घकाळात हृदयाचे रक्षण करतो, पण जोराचे श्रम चालू असतात त्या तासात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता वाढते. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही वाढ सरासरी सहापटीच्या जवळ होती. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ती जेमतेम अडीचपट होती. आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत ती शंभरपटींच्या वर गेली. मुळातली शक्यता फार लहान असल्याने शंभरपट होऊनही ती बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. तरीही कारण स्पष्ट आहे : ज्या हृदयाला वेग वाढवण्याची सवय नाही, त्याच्याकडून एकदम शिखराची मागणी होते. भारतातलाही पुरावा आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील अचानक झालेल्या, कारण न कळलेल्या मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कुटुंबात तसा मृत्यू झालेला असणे, कोविडसाठी रुग्णालयात राहिलेले असणे, एकाच बैठकीत भरपूर मद्यपान आणि मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतले जोराचे शारीरिक श्रम यांचा धोक्याशी संबंध दिसला. लसीकरणाने धोका वाढलेला आढळला नाही, उलट कमी दिसला. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांत नेमका हा भाग गाळला जातो.

जोराच्या व्यायामाला घाबरून दूर राहावे, असा याचा अर्थ नाही. काही गोष्टी त्याच्याशिवाय नीट मिळत नाहीत. हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त आणि शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तीव्र व्यायामाने जास्त वाढते. तिशीनंतर ही क्षमता दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटत जाते. साठीतल्या माणसाला बोईसर स्थानकाचा पूल पिशवीसकट चढता येणे, हे शेवटी याच क्षमतेवर ठरते. नॉर्वेत प्रचलित असलेल्या पद्धतीत चार मिनिटे कमाल वेगाच्या नव्वद टक्क्यांवर हृदय नेतात, तीन मिनिटे सावकाश चालतात, आणि असे चार फेरे करतात. त्याच देशात ट्रॉनहाइम शहरातल्या सत्तर ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १,५६७ लोकांवर पाच वर्षांचा प्रयोग झाला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जोराच्या गटात ३ टक्के, मध्यम गटात ५.९ टक्के आणि नेहमीच्या सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्या गटात ४.७ टक्के मृत्यू झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याइतका नव्हता. पण देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने वाढवलेला जोराचा व्यायाम या वयातही घातक ठरला नाही, एवढे त्यातून घेता येते.

साखरेचा हिशेब रोजच्या व्यायामाच्या बाजूने जातो. व्यायामानंतर स्नायू रक्तातली साखर अधिक सहजपणे ओढून घेतात, आणि हा परिणाम एक ते तीन दिवसांत ओसरतो. म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी सलग दोन दिवसांहून अधिक खंड पाडू नये, असे सांगतात. भारतीयांना मधुमेह तुलनेने कमी वजनावर आणि कमी वयात होतो. त्यामुळे २०१२ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी रोज साठ मिनिटांची शिफारस केली : तीस मिनिटे मध्यम व्यायाम, पंधरा मिनिटे कामाच्या ओघातली हालचाल आणि पंधरा मिनिटे स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. ही मात्रा जागतिक शिफारशीहून बरीच जास्त आहे. विरार–डहाणू लोकल २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून रोज मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदाराला ती जड वाटणे साहजिक आहे. पण तिच्यातली कामाच्या ओघातली पंधरा मिनिटे त्याच्या हातात आहेत. व्यायाम न करणाऱ्या सुमारे पंचवीस हजार ब्रिटिश लोकांच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदी २०२२ मध्ये तपासल्या गेल्या. दिवसातून तीनदा एक-दोन मिनिटे धाप लागेल अशी हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसले. स्थानकाचा जिना झपाझप चढणे, एवढीच ती हालचाल. अशा नोंदींतून थेट कारण सिद्ध होत नाही, कारण आधीच ठणठणीत असलेला माणूसच जिना झपाझप चढतो. तरीही जिन्याला पैसे पडत नाहीत.

पालघर जिल्ह्यात एक प्रश्न हटकून येतो : दिवसभर कष्ट करणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला? जुलैत आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून रोप लावणारी बाई किंवा दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातून वीटभट्टीवर जाणारे कुटुंब निष्क्रिय नक्कीच नाही. पण कामावरच्या कष्टाचा फायदा फुरसतीच्या व्यायामासारखा मिळत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात कामावर सर्वाधिक शारीरिक श्रम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण कमी श्रम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक दिसले. संभाव्य कारणे अशी दिली जातात : आठ-दहा तास चालणारे श्रम हृदयाचा वेग चढा ठेवतात, पण त्याची क्षमता वाढेल इतका जोर त्यात नसतो. ओझे उचलताना रक्तदाब चढतो, आणि विश्रांतीची वेळ मजुराच्या हातात नसते. गरिबीचे इतर परिणामही त्यात मिसळलेले असतातच. अशा माणसाला गरज असते ती विश्रांतीची, पुरेशा आहाराची आणि पाठ-कंबर मोकळी करणाऱ्या हालचालींची. त्याच्यापुढे दहा हजार पावलांचा जप करण्यात अर्थ नाही. तो आकडासुद्धा १९६५ च्या सुमारास जपानी पाऊलमापकाच्या जाहिरातीतून आलेला आहे. वारली पाड्यांवरचा तारपा नाच मात्र फुरसतीच्या व्यायामात बसतो. वादकाच्या सुरानुसार दिशा बदलत, कधी संथ कधी वेगात तो बराच वेळ चालतो, आणि तो आनंदासाठी केलेला असतो.

बोईसर–तारापूर परिसरात निवडीत हवाही धरावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राचा सर्वंकष निर्देशांक ९३.६९ होता, देशात सर्वाधिक. त्यात पाणी आणि जमीनही मोजली होती, तरी श्वासाचा हिशेब वेगळा करावा लागतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, झपाझप चालणारा पंचवीस-तीस, आणि जोरात धावणारा ऐंशी-शंभर. धावताना श्वास तोंडाने चालतो, त्यामुळे नाकाची गाळणीही टळते. थंडीत सूर्योदयापूर्वी जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि धूर वर जाऊ शकत नाही. ‘सकाळची ताजी हवा’ कारखान्यांच्या आसपास बऱ्याचदा ताजी नसते. हवेला वास येत असेल त्या दिवशी धावण्याऐवजी चालावे किंवा घरात व्यायाम करावा, आणि जोराचा दिवस चिंचणी किंवा केळव्याच्या किनाऱ्यावर काढावा. उकाड्याचेही तसेच. मे आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. शरीराला या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर वेग कमी ठेवणेच शहाणपणाचे.

या सगळ्यावरून क्रम ठरतो. आधी रोजचे मध्यम चालणे, किमान सहा ते आठ आठवडे. त्याची सवय झाल्यावर आठवड्यातले एक-दोन दिवस जोराचे, मध्ये एक दिवस मोकळा ठेवून. सुरुवातीला चालतानाच मिनिटभर वेग वाढवून दोन मिनिटे कमी करणे पुरते. काळदुर्ग किंवा सफाळ्याजवळचा तांदुळवाडीचा किल्ला या पायरीनंतर. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा घरात लवकर हृदयविकार असलेल्या माणसाने जोराचा भाग सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घेरी किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तिथेच थांबावे. रात्रपाळीच्या आठवड्यात, झोप पुरी न झालेल्या दिवशी आणि ताप असताना जोराचा भाग वगळून फक्त चालावे.

खंड पडला तर परत सुरुवात कुठून करावी, यालाही मोजमाप आहे. व्यायाम पूर्ण बंद केलेल्या सरावलेल्या खेळाडूंची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुमारे सात टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सोळा टक्क्यांनी घटल्याचे १९८४ च्या अभ्यासात आढळले. आठवडाभराच्या खंडानंतर पूर्वीच्याच वेगाने चालणे सुरू करता येते. महिन्याहून मोठ्या खंडानंतर, उदाहरणार्थ पावसाळ्यातल्या आजारपणानंतर, पहिले दोन आठवडे केवळ चालावे आणि जोराचा भाग पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून वाढवत न्यावा.