गाणे कुणाचे, नाव कुणाचे?

आमच्या वस्तीत चार माणसे जमली की विषय निघतोच, सध्या तुमच्या घरी काय वाजते? कुणाकडे प्रल्हाद शिंदे यांच्या जुन्या कॅसेटी, कुणाकडे विठ्ठल उमप. लेकी-सुनांना मोबाईलवर कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज आवडतो. आवड वेगवेगळी, पण भीमगीत सर्वांचे.

एक गोष्ट मात्र आम्हांला सलते. गायकाचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण गीत कुणाचे विचारले की घर गप्प! सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी रचली, गावोगाव फिरून गायली. २००४ साली दादा गेले. त्यांची गाणी तोंडोतोंडी आहेत, नाव मात्र मागे पडते. कॅसेटच्या कव्हरवर पुष्कळदा कवीचे नाव छापलेले असे. मोबाईलवर गाणे तेवढे पुढे जाते, नाव गळून पडते.

म्हणून बंधू-भगिनींनो, पेटीतल्या कॅसेटी भंगारात घालू नका. ओलीत ठेवल्या तर टेपवर बुरशी चढते, तेव्हा त्या कोरड्या जागी ठेवा. चालत असतील तोवर मोबाईलवर भरून घ्या. कव्हरवरची नावे मुलांकडून वहीत उतरवून घ्या. आणि गाणे लावण्याआधी कवीचे नाव घ्या. ज्यांनी आपल्याला शब्द दिले, त्यांना आपण निदान एवढे तरी देऊ या.