जुनी गाडी, नवा मालक (भाग ६) : चिखलात न्यायची जीप

वांद्र्यात विकायला निघालेल्या जुन्या जीपच्या जाहिरातीत एक वाक्य बहुतेक वेळा असतं : 'गाडी कधीच ऑफरोड गेलेली नाही.' विकणारा ते कौतुकानं सांगतो आणि घेणाराही त्यासाठी खुशीनं चार पैसे जास्त मोजतो. पण तुम्हाला गाडी ऐन पावसाळ्यात मावळातल्या किंवा इगतपुरीकडच्या वाटांवर न्यायची असेल, तर या वाक्यानं सावध व्हा. कार्टर रोडला किंवा बँडस्टँडला वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या जीपनं डोंगर पाहिला नसेल, पण खारा वारा रोज खाल्लेला असतो. शिवाय तिचा फोर व्हील ड्राइव्हचा दांडा कित्येक वर्षांत कुणी हलवलेला नसतो.

आधी गाडी कोणती ते ठरवू. आपल्याकडच्या जुन्या बाजारात या कामाला बहुतेक जण दोनच नावं घेतात : मारुती जिप्सी आणि २०२० च्या आधीची, जुन्या बांधणीची महिंद्रा थार. कागदावर थार सरस. तिच्या सीआरडीई डिझेल इंजिनाचा टॉर्क २४७ न्यूटन-मीटर, तर १.३ लिटरच्या जिप्सीचा जेमतेम १०३. तरीही भाताच्या खाचरालगतच्या मऊ, खोल चिखलासाठी माझं मत जिप्सीलाच. ती टनभर वजनाची, थार दीड टनाच्या बरीच वर. मऊ जमिनीत पहिला प्रश्न ताकदीचा नसतो, बुडण्याचा असतो. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या भुसभुशीत बर्फात स्नोमोबाइल (रबरी पट्ट्यावर चालणारी बर्फातली गाडी) चालवणारेही हेच पाहतात. त्यांची डोंगरी यंत्रं वजनानं हलकी आणि पट्ट्यानं लांब असतात. दीडशे-एकशे साठ इंचांचा पट्टा आणि त्यावर अडीच-तीन इंच उंचीचे रबरी दाते, म्हणजे यंत्र बर्फात रुतत नाही, वर तरंगतं. जुनं यंत्र घेताना तिकडचे जाणकार आधी पट्ट्याचे दाते आणि खालचा सांगाडा तपासतात, रंग नंतर.

दगडगोट्यांचा चढ असेल, सामान आणि माणसं जास्त असतील, तर मात्र थार घ्या. फक्त थार नावानं दोनच चाकांवर ओढणाऱ्या गाड्याही विकल्या गेल्या आहेत, तेव्हा मॉडेल नीट पाहून घ्या.

आता गाडीखाली शिरा. दोन्ही गाड्यांचा जीव त्यांच्या शिडीसारख्या चासीत असतो. पत्रा बदलता येतो, इंजिन बांधता येतं. चासी कुजली की खेळ संपला. मागच्या चाकांच्या वरचा भाग, पाट्यांचे शॅकल जिथं बसतात ते कोपरे आणि बॉडी चासीवर टेकते ती ठिकाणं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहा. टणक आवाज आला तर ठीक. आवाज बद्द आला किंवा खपल्या पडल्या तर पैसे खिशातच ठेवा. खाली ताजा काळा कोट मारलेला दिसला तर तो गंज थांबवायला मारलाय की झाकायला, हे विचारा. आणि उत्तर काहीही आलं तरी ठोकून पाहाच. खरवडलेलं, पोचे आलेलं पण कोरडं पोट मला चकचकीत पोटापेक्षा केव्हाही चालेल. डोंगरात फिरलेल्या गाडीचा मालक निदान ती धुतो आणि ग्रीस भरतो.

मग दांडा. या गाड्यांना मधला डिफरन्शियल नसतो, म्हणून कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळणं घेऊ नका. गिअर आणि शाफ्ट ताणले जातात. मुरूम टाकलेला मोकळा प्लॉट शोधा, मालकाला विचारा आणि तिथं फोर-हाय, फोर-लो दोन्ही टाकून पाहा. मागची चाकं सैल मातीत असताना पुढची चाकं खरोखर ओढतात का, हे सोबत्याला बाहेर उभं करून बघायला सांगा. डॅशवरचा दिवा लागला म्हणजे चाकाला जोर मिळालाच असं नाही. पुढच्या चाकांचे हब मोकळ्याच स्थितीत अडकलेले असले तर शाफ्ट नुसता फिरतो.

याहून बोलका पुरावा तेलाचा. मिस्त्रीला दोन्ही अॅक्सलचे आणि ट्रान्सफर केसचे नट सैल करून थोडं तेल काढायला सांगा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. तापलेला अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. विकणारा तेल काढू देत नसेल, तर तेच उत्तर समजा.

मुंबईच्या गाडीला आणखी एक भीती : ती बुडालेली असू शकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीकाठचा कलानगर-बीकेसीचा भाग पाण्याखाली गेला. २९ ऑगस्ट २०१७ लाही शहर बुडालं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, त्याच्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या खालचे रूळ पाहा. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीला बुडणं पचतं, थारच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनाला नाही.

कागदपत्रांबद्दल मागच्या भागात सविस्तर लिहिलं आहे, म्हणून इथं एवढंच. उंच केलेली, परस्पर इंजिन बदललेली जीप घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा मूळ रचनेत बदल करायला विरोध आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तोच अर्थ कायम ठेवला. इंजिन आणि चासीवरचे नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. पंधरा वर्षं उलटलेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. आजचं शुल्क विचारून घ्या आणि ते किमतीतून वजा करून घासाघीस करा.

भाव इंजिनावर आणि रंगावर ठरतो, पण चिखलात गाडी चासी, हब आणि सील यांच्या जोरावर निघते. हे तीन नीट असतील तर पत्र्याचे पोचे बिनदिक्कत स्वीकारा. चासीला कुठं वेल्डिंगचा टाका दिसला, तर गाडी फुकट मिळाली तरी महाग आहे. पुढच्या आठवड्यात टायरांविषयी. तोवर जीप पाहून ठेवा, पण इसार देऊ नका.